अनुकंपेचा पहिला घास आईला

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात एका स्थानिक वैद्यकीय व्यावसायिकाने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी जन्माने जैन नाही. परंतु गेली पस्तीस वर्षे या परिसरात वैद्यकी करताना तुमच्या घरांतून मला जो स्नेह मिळाला, त्यामुळे मी स्वतःला या परिवाराबाहेरचा कधी मानले नाही. पर्युषणात एखाद्या दिवशी उपाश्रयात येऊन मागच्या रांगेत बसणे हा माझा जुना नेम आहे. तेथेच मी कल्पसूत्रातील त्रिशलामातेच्या गर्भारपणाचे वाचन ऐकले. मातेने गर्भाच्या हिताचा आहार कसा घ्यावा, फार उष्ण नाही, फार थंड नाही, फार तिखट नाही, फार कडू नाही, ऋतूला आणि प्रकृतीला मानवेल असा, हे तेथे किती बारकाईने सांगितले आहे! आपल्या हालचालीने मातेला त्रास होऊ नये म्हणून गर्भातील भगवान निश्चल राहिले, पण त्यामुळे माता अधिकच व्याकूळ झाली आणि तिच्या समाधानासाठी त्यांनी पुन्हा हालचाल केली, ही कथा तर तुमच्या मुलाबाळांनाही पाठ आहे. आई आणि तिच्या उदरातील जीव यांचे सुखदुःख एकच असते, हे मला वैद्यकाच्या पुस्तकात वाचायला मिळाले, त्याच्या कितीतरी शतके आधी ते तुमच्या परंपरेत सांगितले गेले होते.

आज मला याच विषयावर, म्हणजे आपल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गरोदर व स्तनदा मातांच्या पोषणाविषयी बोलायचे आहे.

आपल्या डोंगराआडचे चित्र

योगायोग असा की, देशातील एकात्मिक बालविकास सेवा योजना, जिला आपण अंगणवाडी म्हणून ओळखतो, ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. म्हणजे तीही आपल्या न्यासासारखीच पन्नाशीची झाली. या पन्नास वर्षांत पुष्कळ काही घडले. १९९२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात गेलेल्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजना आल्या, अभियाने आली, आरोग्य केंद्रे वाढली. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी पस्तीस बालके वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चोपन्न स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. हे संपूर्ण राज्याचे आकडे आहेत. कातकरी वाडीत किंवा ठाकूरपाड्यात पाऊल टाकले की चित्र याहून बरे दिसेल, अशी आशा कोणी करू नये.

तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवते. पुढे भातसा आले. मात्र एप्रिल-मे महिन्यांत याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते आणि सात महिन्यांची गरोदर स्त्री डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढते. आपल्या घरात सातव्या महिन्यात सीमंत होते, मराठी घरात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते. ती स्त्री त्या दिवशीही मोळी विकून किंवा मजुरी करून परत येते, सर्वांना वाढते आणि शेवटी उरेल ते खाते. भात, पातळ कालवण आणि कोरा चहा. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, शेवग्याचा पाला अशा रानभाज्या तरी मिळतात. उन्हाळ्यात तेही नाही.

त्यात समजुतींची भर पडते. गरोदरपणी जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल, म्हणून कमी खावे, हे मी असंख्य वेळा ऐकले आहे. परिणामी अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जन्माला येते. अशक्त आईच्या पोटी जन्मलेली अशक्त मुलगी अठरा-एकोणीस वर्षांनी पुन्हा आई होते आणि तेच चक्र पुढे चालू राहते.

हजार दिवसांचे गणित

आपण व्यापारी मंडळी आहात. हिशेब तुम्हांला माझ्यापेक्षा चांगला समजतो. गर्भारपणाचे सुमारे २७० दिवस आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांचे ७३० दिवस, असे मिळून १००० दिवस होतात. मेंदूची आणि शरीराची पायाभरणी मुख्यतः याच काळात होते. या काळात राहिलेली उणीव नंतर भरून काढणे फार कठीण असते. शाळेत गेल्यावर दिलेली वही, दप्तर किंवा खाऊ यांना मी कमी लेखत नाही. पण त्या मुलाच्या शिकण्याच्या शक्तीचा पाया तोवर घातला गेलेला असतो. म्हणून दान किती दिले याइतकेच ते केव्हा दिले हे महत्त्वाचे आहे.

आता गरज किती मोठी आहे ते पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार गरोदर स्त्रीला रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. बाळाला केवळ अंगावर पाजणाऱ्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. म्हणजे बाळंतपणानंतर आईची भूक वाढते, कमी होत नाही. आणि आपल्याकडे अनेक घरांत नेमके त्याच वेळी तिला पेजेवर ठेवले जाते.

या ३५० उष्मांकांसाठी परदेशी पावडरीचे डबे लागत नाहीत. ३० ग्रॅम नाचणीचे पीठ, २० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, २० ग्रॅम गूळ आणि एक चमचा तूप, एवढ्याचे दोन लाडू होतात. त्यांतून सव्वातीनशेच्या आसपास उष्मांक आणि सुमारे सात ग्रॅम प्रथिने मिळतात. नाचणीत चुन्याचे प्रमाण उत्तम असते. ही नाचणी आपल्याच डोंगरउतारावर पिकते. अर्थात केवळ लाडवाने भागत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनांची गरज रोज सुमारे बावीस ग्रॅमने वाढते, म्हणून डाळ, मटकी-मुगाची उसळ, दूध, ताक हेही हवे. रक्तवाढीच्या गोळ्या चहाबरोबर न घेता जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात, ही एवढीशी गोष्टही कोणीतरी पाड्यावर जाऊन सांगावी लागते.

माझी एक चूक

आता एक गोष्ट मी या व्यासपीठावरून प्रथमच सांगतो. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची ही घटना आहे. डोळखांब भागातील एका पाड्यावर आम्ही काही मंडळींनी आरोग्य शिबिर घेतले होते. एका दात्याने बाळांच्या दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या दिल्या होत्या. मी स्वतःच्या हातांनी ते वाटले. छायाचित्रेही काढली. एका एकोणीस-वीस वर्षांच्या मातेला डबा देताना मी म्हणालो, "बाई, तुझे दूध पुरत नसेल तर हे दे."

सहा आठवड्यांनी ते बाळ माझ्या दवाखान्यात आले. डोळे खोल गेलेले, त्वचा सुरकुतलेली, जुलाबाने निपचित पडलेले. झाले ते असे की, डॉक्टरांनी दिले म्हणजे ते आपल्या दुधापेक्षा चांगलेच असणार, असे तिला वाटले. तिने अंगावर पाजणे कमी केले, त्यामुळे दूधही कमी झाले. डबा संपत आला तशी ती एका चमच्यात जास्त जास्त पाणी घालू लागली. पाणी ओढ्याचे होते. बाटली उकळून घ्यायला जळण कोठून आणणार? बाळाला रुग्णालयात हलवले आणि ते वाचले. आईचे दूध पुन्हा सुरू व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले. तिने मला दोष दिला नाही. "डॉक्टर, तुम्ही चांगल्यासाठीच दिलं होतं," एवढेच ती म्हणाली. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

बाळांचे पर्यायी दूध, दुधाच्या बाटल्या आणि बाळ-आहार यांचे नियमन करणारा कायदा आपल्या देशात १९९२ पासून आहे आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. अनाथालयाचा अपवाद वगळता अशा वस्तूंचे दान किंवा वाटप करण्यास त्यात मनाई आहे. त्या शिबिराच्या वेळीही तो कायदा होता. मी वाचला नव्हता. सद्भावनेने दिलेले दानही घातक ठरू शकते, हे मी त्या बाळाकडून शिकलो. आपल्यापैकी कोणी वाढदिवसाच्या वा पुण्यतिथीच्या निमित्ताने असे डबे वाटण्याचा विचार करीत असेल, तर कृपया तो विचार सोडून द्यावा. तेवढ्याच पैशांत बाळाच्या आईला खाऊ घालावे.

दूध आईचेच, आधार आपला

आईला दूध येत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा दूध नसल्याची नसते. बाळाला नीट पाजता येत नसल्याची असते. जन्मानंतर तासाभरात बाळ छातीशी लावावे. पहिला पिवळसर चीक काही जण अजूनही पिळून टाकतात आणि बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवतात. तो चीक म्हणजे बाळाचे रोगांपासूनचे पहिले संरक्षण आहे. पाजताना बाळाचे तोंड मोठे उघडलेले असावे आणि केवळ स्तनाग्र नव्हे, तर त्याभोवतीचा काळसर भागही, विशेषतः खालचा, तोंडात जावा. असे झाले तर आईला वेदना होत नाहीत आणि बाळाला शेवटचे स्निग्ध दूधही मिळते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणीसुद्धा देऊ नये. मुंबईच्या आयआयटीने स्तनपानावर आणि माता-बाल पोषणावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिचित्रफिती तयार केल्या आहेत. त्या पाहून आमच्यासारख्या जुन्या डॉक्टरांनाही नवे शिकायला मिळाले.

सहा महिने झाले की वरचे अन्न सुरू करायचे. येथेही वरणाचे नुसते पाणी आणि बिस्किट यांवर बाळाची बोळवण होते. चमचा तिरका केला तरी न सांडणारा घट्ट वरणभात, त्यावर तेल किंवा तूप, नाचणीची खीर, शेंगदाण्याचा बारीक कूट, कुस्करलेले केळे, असे द्यावे. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

सरकार देते, मग आपण काय द्यायचे?

हा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू केली. आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे, पूर्ण जेवण मिळावे, अशी तिची रचना होती. घरपोच दिलेले धान्य घरातील सर्वांच्या पातेल्यात जाते, आणि आईने स्वतः बसून खाल्लेला घास मात्र आईलाच लागतो. या साध्या अनुभवावर ही योजना उभी आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मातांना आहाराचा आणि मातृत्व लाभाचा हक्क दिला. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये, तर दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये मिळतात.

मग उणीव कोठे राहते? पहिली उणीव सीमारेषेची. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, पण मुरबाड तालुक्यातील काहीच गावे त्यात येतात. गरिबीला ही रेषा दिसत नाही. रेषेपलीकडच्या वाडीतील मातेची भूक तशीच असते, ताजे जेवण मात्र तिच्या वाट्याला येत नाही. दुसरी उणीव कागदपत्रांची. आधारवरील नाव माहेरचे, बँकेतील खाते बंद पडलेले, आणि हक्काचे पैसे अडकलेले.

तिसरी उणीव स्थलांतराची, आणि ती सर्वांत मोठी आहे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी, कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून काम करते. बायको दोन जिवांची असली तरी विटा थापते. तिचे नाव गावच्या अंगणवाडीत राहते आणि ती भट्टीवरच्या खोपटात राहते. पावसाच्या तोंडावर ती परतते, तेव्हा हजारांपैकी दोनशे दिवस निघून गेलेले असतात. आपल्यापैकी अनेक जण बांधकामाच्या व्यवसायात आहेत. आपली घरे, दुकाने, धर्मशाळा ज्या विटांनी बांधल्या, त्यांतील काही विटा अशाच हातांनी थापलेल्या असतील. हे मी कोणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. मी ज्या घरात राहतो त्या घराच्या विटाही तेथूनच आल्या आहेत.

आणखी एक नाजूक गोष्ट बोलतो, तुम्ही क्षमा करालच. शासनाच्या आहारात अंडे असते, आणि नको असेल त्याला केळ्यासारखा पर्याय असतो. आपला न्यास अंडे देणार नाही, हे स्वाभाविक आहे आणि तसा आग्रह कोणी धरणारही नाही. आपण नाचणी, शेंगदाणे, डाळी, दूध, फळे द्यावीत. पण ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सुकी मासळी आणि अंडी खाल्ली जातात, त्या मातेला आपल्या मदतीसाठी आपले अन्न सोडण्याची अट घालू नये. तिच्या ताटातले काही कमी न करता आपण आपला घास त्यात वाढवावा. अनुकंपेला अट नसते, असे मी तुमच्याच व्याख्यानांतून ऐकले आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षासाठी एक प्रार्थना

देवद्रव्याचा विनियोग या कामी होत नाही आणि जीवदयेचे खाते मुक्या प्राण्यांसाठी आहे, हे मी जाणतो. पण अनुकंपेचे खाते माणसांसाठीच आहे. त्या खात्यातून या वर्षी पुढील कामे व्हावीत, अशी माझी नम्र विनंती आहे.

पहिले, मुरबाड तालुक्यात अनुसूचित क्षेत्राबाहेर पडलेल्या निवडक वाड्यांमध्ये अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्याकडून यादी घेऊन प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला रोज दोन लाडू आणि उसळ द्यावी. ती अंगणवाडीतच, बसून खाण्यासाठी. लाडू त्याच गावच्या बचत गटाने तेथल्याच नाचणीचे करावेत, म्हणजे पैसाही गावातच राहील.

दुसरे, आपल्या श्राविका मंडळातील चार-पाच भगिनींनी स्तनपानाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घ्यावे आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात मातेच्या घरी जावे. पुरुष डॉक्टरसमोर जी स्त्री पदर सावरून गप्प बसते, ती तुमच्याशी मोकळेपणाने बोलेल. आयंबिलाचे पथ्य शेकडो जणांसाठी दिवसेंदिवस न चुकता सांभाळणाऱ्या भगिनींना एका बाळंतिणीचे पथ्य सांभाळणे कठीण नाही.

तिसरे, वीटभट्टीच्या हंगामात आपल्या ओळखीच्या भट्टीमालकांशी बोलून गरोदर स्त्रियांची नोंद जवळच्या अंगणवाडीत व आरोग्य केंद्रात करवून घ्यावी, आणि तिला हलके काम व वेळेवर जेवण मिळेल असे पाहावे. व्यापाऱ्याचा शब्द व्यापारी मानतो. येथे माझ्यापेक्षा तुमचा शब्द अधिक चालेल.

चौथे, वाटपाची छायाचित्रे घेऊ नयेत. आणि वर्षाच्या शेवटी अहवालात किती लाडू वाटले एवढेच न लिहिता, किती मातांचे वजन वाढले आणि किती बाळे अडीच किलोच्या वर जन्मली, यांचाही एक रकाना ठेवावा. तो रकाना पहिल्या वर्षी फारसा सुखावणारा नसेल. तरीही तो प्रामाणिकपणे भरावा.

परवा मी एका पाड्यावर गेलो होतो. एका तरुण मुलीने मला ओळखले. तिच्या सासूने सांगितले की, हिला पाचवा महिना लागला आहे. मुलगी म्हणाली, "डॉक्टर, लहानपणी मी बाटलीनं मरणार होते, आई सांगते." पंचवीस वर्षांपूर्वी मी ज्या बाळाच्या आईला डबा दिला होता, ते बाळ आज स्वतः आई होणार आहे. तिचा दंड मी माझ्या दोन बोटांत धरून पाहिला. फारच बारीक आहे. तिच्या हजार दिवसांपैकी अजून साडेआठशेहून अधिक दिवस हातात आहेत.

ते दिवस वाया जाऊ नयेत, एवढेच मागणे घेऊन मी आज आपल्यासमोर उभा आहे. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास तुमच्याच शब्दांत म्हणतो, मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.